शी, हर आणि चपलांचं टोकन

"मॅडम, हे 'शी, तिरकी रेघ, हर' म्हणजे काय? यांचं आडनाव आहे का?"

परळला आमचा इंग्रजी बोलायचा संध्याकाळचा क्लास चालतो. साडेसातला सुरू होतो, म्हणजे गाड्यांच्या कृपेने पावणेआठला. तिथे गेल्या महिन्यात एकीने मोबाईल माझ्यापुढे धरला. बीकेसीतल्या एका ऑफिसात ती नुकतीच लागली आहे. तिला आलेल्या ईमेलखाली सही होती: किरण, खाली हुद्दा, आणि त्याच्याही खाली 'शी/हर'. मागच्या बाकावरून मत आलं की ही डिग्री असणार, एमबीएसारखी.

सगळे हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम या दोघांनी २०२१ साली प्रोफाइलवर सर्वनामं लिहायला जागा द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून हे प्रकरण मुंबईच्या ऑफिसांतही दिसू लागलं. 'शी' म्हणजे ती, हे चौथीतल्या पोराला कळतं. मग पुढे 'हर' कशाला? आणि स्वतःच्या नावाखाली 'ती' असं लिहायचं कारण काय? याचं उत्तर द्यायचं तर सर्वनामांच्या मुळापासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी धडा वेगळाच होता, तो राहिला.

इतकी वर्षं शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. इंग्रजी सर्वनामात अडखळणारा मराठी माणूस बहुतेक वेळा मराठीचेच नियम चोख पाळत असतो. मराठी सर्वनाम तोंडातून निघताना आपल्याला काही प्रश्न विचारतं: समोरचा मोठा की लहान? तो आपल्यात धरायचा की नाही? वस्तू असली तर तो, ती की ते? इंग्रजीला यातलं काही विचारायचं नसतं. तिचे प्रश्न निराळे आहेत. ते कळले की अर्ध्या चुका जातात.

टोकन हातात आहे, चप्पल कुठाय?

सर्वनाम म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द. इंग्रजीत प्रोनाउन. लॅटिनमधल्या 'प्रो' म्हणजे ऐवजी आणि 'नोमेन' म्हणजे नाव, या दोन शब्दांची ती जोडी. आपला शब्द दुसऱ्या वाटेने आला. पाणिनीने 'सर्व' या शब्दापासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या यादीला सर्वनाम म्हटलं. मला मात्र त्याचा भाबडा अर्थच आवडतो: सर्वांचं नाव. 'मी' हे जगातल्या प्रत्येकाचं नाव आहे, फक्त बोलायची पाळी त्याची हवी.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की टोकन मिळतं. टोकन पायात घालता येत नाही, पण दाखवलं की नेमकी आपलीच चप्पल हातात येते. सर्वनाम असंच चालतं, आणि त्याच्या अटीही त्याच. चप्पल आधी ठेवलेली हवी, आणि एका टोकनावर एकच जोड हवा. कोणाचं नावही न घेता एकदम "ही इज नॉट कमिंग टुडे" म्हटलं तर ऐकणारा विचारणारच, कोण बाबा? तिथे चप्पलच ठेवलेली नसते. दुसरी अट मोडली तर आणखी घोळ.

"सुनील टोल्ड रमेश दॅट हिज ट्रेन हॅड लेफ्ट." गाडी कोणाची सुटली? सुनीलची की रमेशची? वाक्य व्याकरणात शंभर टक्के बरोबर आहे आणि अर्थात शून्य. मराठीत हा गोंधळ सहसा होत नाही, कारण आपण सरळ बोललेलंच सांगतो: सुनील रमेशला म्हणाला, तुझी गाडी गेली. इंग्रजीत 'तुझी'ची 'हिज' झाली की टोकन एक आणि जोड दोन. अशा वेळी बिनधास्त नाव पुन्हा घ्यावं: रमेशेस ट्रेन. एकच नाव दोनदा आलं की वाक्य बिघडतं, असं शाळेत डोक्यात बसवलेलं असतं. ऑफिसच्या ईमेलमध्ये चुकीच्या माणसाची गाडी सुटण्यापेक्षा ते बरं.

पुस्तकात आता प्रकारांची यादी येते: पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, अनिश्चित आणि 'एकमेकांना'वाला परस्परवाचक. आपल्या शाळेत मराठीची मूळ सर्वनामं नऊ म्हणून पाठ करून घेतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यादी वाईट नाही. पण ती पाठ करून कोणी बोलायला लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून इथे ती एकदाच.

एकीला दोन शब्द कशाला?

आता 'शी/हर'. इंग्रजी सर्वनामाचा पहिला प्रश्न असा: वाक्यात तू काम करणारा आहेस की तुझ्यावर काम होतंय? काम करणारी असेल तर शी, तिच्यावर काम होत असेल तर हर. आय आणि मी, ही आणि हिम, वी आणि अस, दे आणि देम या जोड्याही अशाच.

हे आपल्याला नवीन नाही. आपण 'मी गेलो' म्हणतो आणि 'मला भूक लागली' म्हणतो. 'मला गेलो' असं तीन वर्षांचं पोरही म्हणणार नाही. इंग्रजीतलं 'मी वेंट' इंग्रजी कानाला तसंच लागतं. इंग्रजीतला 'मी' हा आपल्या 'मी'चा नुसता उच्चाराने जुळा आहे, अर्थाने तो 'मला'. या जुळ्याने किती लोकांना फसवलंय याची गणती नाही.

एकटं सर्वनाम असतं तेव्हा चूक होत नाही, दुकटं झालं की होते. "रोहित अँड मी वेंट टु दादर" की "रोहित अँड आय"? रोहितला क्षणभर घरी बसवा. 'मी वेंट' चालेल? नाही. मग 'आय'. आता उलट बाजू. "द मॅनेजर कॉल्ड रोहित अँड आय." पुन्हा रोहित घरी. 'द मॅनेजर कॉल्ड आय'? नाही, 'मी'. शिकलेली माणसं दुसरी चूक जास्त करतात, कारण 'आय' म्हटलं की भारदस्त वाटतं. 'बिट्वीन यू अँड आय' ही त्यातलीच, आणि ती खुद्द इंग्रज लोकही सर्रास करतात. बिट्वीन, विथ, फॉर, टु यांच्यापुढे नेहमी मी, हिम, हर, अस, देम.

'हू' आणि 'हूम' यांचंही हेच: कोण आणि कोणाला. प्रश्नाचं उत्तर 'हिम' येत असेल तर 'हूम', दोघांच्याही शेवटी म. अर्थात रोजच्या बोलण्यात 'हूम' आता जवळजवळ गेलाच आहे. 'हूम डिड यू मीट?' असं मित्राला विचाराल तर तो आधी तुमच्याकडे बघेल.

तर सहीखालच्या तिरक्या रेघेचा अर्थ एवढाच: करणारी असेन तेव्हा शी म्हणा, माझ्याविषयी किंवा माझ्याकडे काही जात असेल तेव्हा हर म्हणा. दोन्ही रूपं लिहायची रीत पडली आहे. कोणी तिसरं 'हर्स'ही जोडतात.

ती आली, पण कोणाच्या नवऱ्याबरोबर?

आमच्या वर्गात एक नर्स होती. कामात तरबेज, इंग्रजीही बरं. एकदा मैत्रिणीबद्दल सांगत होती: "शी केम विथ हिज हजबंड." वर्गात हशा. कोणाचा गं नवरा? तिला कळेना आपलं चुकलं काय.

चूक मराठीतून आलेली होती, आणि मराठीत ती चूक नव्हे. 'तिचा नवरा' या शब्दात दोन माहित्या कोंबलेल्या आहेत. 'ति' सांगतं की मालक बाई आहे आणि 'चा' सांगतं की मालकीची चीज पुल्लिंगी आहे. तिचा नवरा, तिची सासू, तिचं घर. त्याचा भाऊ, त्याची बायको, त्याचं दुकान. आपला कान शेवटच्या 'चा-ची-चं'वर असतो, कारण पुढच्या शब्दाशी तेच जुळवायचं असतं. मग घाईत 'चा' ऐकला की जीभ 'हिज' म्हणते, 'ची' ऐकला की 'हर'.

इंग्रजीचा प्रश्न इथे एकच: मालक कोण? मालकीचं काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. गाडीच्या आरसी बुकात मालकाचं नाव बघायचं असतं, गाडीत कोण बसलंय ते नाही. ती असेल तर हर हजबंड, हर ब्रदर, हर स्कूटर. तो असेल तर हिज वाइफ, हिज मदर, हिज स्कूटर. बोलताना अर्धा सेकंद थांबून मालकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा. नर्सबाईंना मी एवढंच सांगितलं होतं, आठवड्यात सुधारणा झाली.

जाता जाता दोन किरकोळ गोष्टी. आपलं 'माझं' कुठेही बसतं: माझं पेन, हे पेन माझं. इंग्रजीत पुढे वस्तू असेल तर 'माय पेन', नसेल तर 'माइन'. 'धिस पेन इज माय' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो. दुसरी 'इट्स'ची भानगड. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, रोमनमध्ये मात्र एकात शेवटच्या एसच्या आधी डोक्यावर स्वल्पविराम असतो. तो असलेला म्हणजे 'इट इज', नसलेला म्हणजे 'त्याचं'. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांतल्या कोणालाच तो लागत नाही, मग मालकीच्या 'इट्स'लाही नाही.

पंखा 'तो' आणि खुर्ची 'ती', मग इट कोण?

मराठीत ट्रक तो, बस ती, विमान ते. का, ते विचारू नये. इंग्रजीने निर्जीव वस्तूंचं हे लिंग केव्हाच सोडून दिलं आणि सगळ्यांना 'इट' करून टाकलं. पंखा बंद पडला तर 'ही इज नॉट वर्किंग' म्हणायचं नाही, नाहीतर कोणी कामचुकार सहकारी समजेल. घरातल्या कुत्र्या-मांजरांना लोक ही-शी म्हणतात, गल्लीतल्या अनोळखी कुत्र्याला इट. माणसाला मात्र इट म्हणणं अपमान आहे. अपवाद दाराचा आणि फोनचा: 'हू इज इट?' 'इट्स मी.' माणूस अजून ओळखला गेलेला नसतो, तोवर तो इट.

जहाजाला शी म्हणायची दर्यावर्दी रीत मुंबईच्या गोदीतही पुष्कळ वर्षं ऐकू यायची. जहाजवाहतुकीचं लंडनचं जुनं वृत्तपत्र 'लॉइड्स लिस्ट' याने २००२ साली ती सोडली आणि जहाजाला इट म्हणायला लागलं. काही खलाशांना ते आवडलं नाही. वस्तूवर जीव जडला की इट तोंडात येत नाही, हे आपल्याला समजू शकतं.

या इटचं खरं गंमतीचं काम वेगळंच आहे. बाहेर पाऊस पडतोय. इंग्रजीत: इट इज रेनिंग. यातला इट कोण? देव? ढग? कोणीही नाही.

मराठीत क्रियापदच पुष्कळ सांगून जातं. 'जेवलास?' यात 'तू' म्हणायची गरज नाही, 'आलो' यात 'मी' दडलेला आहे. इंग्रजी क्रियापद फारसं काही सांगत नाही, म्हणून तिथे कर्त्याची जागा रिकामी ठेवायला परवानगी नाही. मग ती भाषा काय करते? एसटीत आपण करतो तेच. खिडकीतून रुमाल टाकते.

"इट इज डिफिकल्ट टु गेट अ सीट ॲट डोंबिवली." इथला 'इट' म्हणजे सीटवरचा रुमाल. खरा प्रवासी, म्हणजे 'डोंबिवलीला जागा मिळणं', मागून येऊन बसतो. पावसाच्या, उकाड्याच्या, किती वाजले याच्या वाक्यात तर रुमाल पडलेलाच राहतो, प्रवासी कधी येतच नाही. इट इज हॉट. इट इज हाफ पास्ट नाइन. 'इज व्हेरी हॉट टुडे' म्हणणाऱ्याने रुमाल टाकायचा राहिला, एवढंच.

कर्त्याचं झालं, कर्माचंही ऐका. "फाइल दिलीस?" "हो, दिली." मराठीत संपलं. इंग्रजीत "यस, आय गेव्ह" म्हटलं की वाक्य लंगडतं, काय दिलं? 'आय गेव्ह इट.' "पिक्चर आवडला?" "आय लाइक्ड इट." आणि पिकनिकहून आल्यावरचं ते आपलं लाडकं 'वी एन्जॉइड अ लॉट!' एन्जॉय या क्रियापदाच्या पुढे काहीतरी लागतंच: वी एन्जॉइड द पिकनिक, नाहीतर वी एन्जॉइड अवरसेल्व्ज. मराठीत 'एन्जॉय केलं' बिनकर्माचं चालतं, म्हणून इंग्रजीतही तसंच निसटतं.

'मायसेल्फ सुनील' यात चुकलं काय?

मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो, आणि थोडा रागाने येतो. सगळेच म्हणतात की! अर्थ तर कळतो!

अर्थ कळतो, मान्य. पण 'सेल्फ'वाल्या शब्दांना इंग्रजीत ठरावीक दोनच कामं आहेत. पहिलं, करणारा आणि ज्याच्यावर झालं तो एकच असेल तेव्हा: आय कट मायसेल्फ, भाजी चिरताना माझंच बोट कापलं. दुसरं, जोर द्यायला: आय मेड इट मायसेल्फ, मी स्वतः केलं. दोन्हीकडे आधी 'आय' येऊन गेलेला आहे. मायसेल्फ हा आरशातला चेहरा आहे. आरशापुढे कोणी उभंच नसेल तर तो दिसणार कसा? म्हणून 'आय ॲम सुनील' किंवा 'माय नेम इज सुनील'. फोनवर 'धिस इज सुनील'. माणसाला 'धिस' म्हणणं आपल्याला उद्धट वाटतं, तिथे ती साधी रीत आहे.

ऑफिसात एक नवं खूळ आलंय: 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ ऑर रोहित.' साधं 'मी' म्हणायला लाज वाटते म्हणून हा थाट. रोहितला घरी बसवायची युक्ती इथेही चालते.

रूपांबद्दल एक तक्रार मला इंग्रजीकडेच करायची आहे. मायसेल्फ, युअरसेल्फ, अवरसेल्व्ज हे 'माझं, तुझं, आमचं' यावरून केले आणि हिमसेल्फ, देमसेल्व्ज मात्र 'त्याला, त्यांना' यावरून. त्यामुळे 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ज' म्हणणारं पोर खरं तर जास्त तर्काने वागत असतं. तरी चुकतंच.

साहेबांनी आम्हाला जेवायला बोलावलं की नाही?

ऑफिसात साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "वी आर गोइंग फॉर लंच." आता? उठायचं की बसायचं?

मराठीत हा पेच पडत नाही. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हणजे तुम्ही बसा. 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे उठा. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हे आपलं सर्वनामच सांगून टाकतं. गुजरातीतही आहे हे, अमे आणि आपणे. समोरच्या किराणावाल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हिंदीच्या 'हम'ला आणि इंग्रजीच्या 'वी'ला तो माहीतच नाही. इंग्रजी बोलताना ती कमी आपल्यालाच भरून काढावी लागते: 'वुड यू लाइक टु जॉइन अस?' यातला 'अस' तुम्हाला वगळूनचा आहे, हे 'जॉइन'ने सांगितलं.

आणि मुंबईत आपण म्हणजे कधीकधी नुसता मी. "आपल्याला नाय जमणार बॉस" म्हणणारा एकटाच उभा असतो. त्याचं 'वी कॅनॉट' करू नका.

'यू'चं दुखणं याहून जुनं. तू, तुम्ही, आपण या तीन पायऱ्या एका 'यू'त सपाट झाल्या. सासऱ्यांना आणि वॉचमनला एकच शब्द. नव्या माणसाला भीती वाटते की आपण उद्धट दिसू. आदर इंग्रजीतही आहे, पण तो सर्वनामात राहत नाही. तो 'कुड यू', 'वुड यू', 'प्लीज' यांच्यात राहायला गेला. 'सेंड मी द फाइल' म्हणजे पाठव रे, 'कुड यू सेंड मी द फाइल?' म्हणजे पाठवता का. साहेबांसाठी सर्वनाम शोधत बसू नका, क्रियापदाला अदब शिकवा.

जो आला तो गेला

हा भाग थोडक्यात, कारण चूक एकच आहे. मराठीत 'जो'चा जोडीदार 'तो' लागतोच: जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ. इंग्रजीत 'हू' एकटा राहतो. 'द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर' यातला 'ही' काढून टाका. माणसासाठी हू, वस्तूसाठी विच, दोघांनाही चालणारा दॅट. 'द मॅन विच' कधीच नाही.

पण 'दे' तर अनेकवचन ना?

आता परत ईमेलकडे. शी/हर कळलं, ही/हिमही कळेल. पण काही सह्यांखाली 'दे/देम' दिसतं, आणि माणूस तर एकच.

आपले लोक या 'दे'त आधीपासूनच एक वेगळी चूक करत आले आहेत. "माय बॉस? दे आर इन अ मीटिंग." साहेब मोठे, म्हणून 'ते', म्हणून दे. इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, याला साहेब तरी किती? आदरासाठी 'दे' इंग्रजीत नाही. बॉस पुरुष असेल तर ही, बाई असेल तर शी, कितीही मोठे असोत.

मग एकट्यासाठी दे कधी? एक, कोण आहे हेच माहीत नसेल तेव्हा. "समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला." छत्री कोणाची, बाईची की पुरुषाची, ठाऊक नाही. हे 'एव्हरीवन'बरोबरही चालतं, फक्त क्रियापद एकवचनी: एव्हरीवन हॅज देअर टिकिट. दोन, एखादी व्यक्ती स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी कोणत्याच खान्यात बसवत नसेल आणि तिने 'दे' म्हणा असं सांगितलं असेल तेव्हा. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०१९ साली 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तो मुख्यतः या दुसऱ्या वापरामुळे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही आजकालची फॅशन आहे. दुसरा वापर नवा आहे, खरं. पहिला मात्र चौदाव्या शतकापासून इंग्रजीत सापडतो. आणि अनेकवचनी शब्द एकट्याला वापरायचा म्हणाल तर 'यू'ने तेच केलं. मुळात यू हा 'तुम्ही' होता. 'तू'साठी दाउ होता. यू आदराने एकेकट्यालाही म्हणू लागले आणि दाउ मागे पडला. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक लहानमोठ्या सगळ्यांना दाउ म्हणत, न्यायाधीशालासुद्धा अरेतुरे, आणि त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. आजही एकट्या माणसाला आपण 'यू आर'च म्हणतो, 'यू इज' नाही. एकट्याचा देसुद्धा 'दे आर'च घेतो.

दुसरा आक्षेप: मग 'ही' म्हणा ना सगळ्यांना, पूर्वी म्हणायचेच. म्हणायचे, आणि कायद्यात अजून म्हणतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आठवं कलम खास सर्वनामाबद्दल होतं: 'ही' हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरलं आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या दुसऱ्या कलमात तीच व्याख्या आहे, फक्त 'पुरुष, स्त्री किंवा ट्रान्सजेंडर' असे शब्द झाले आहेत. म्हणजे एका दोन अक्षरी शब्दाचा अर्थ ठरवायला देशाच्या फौजदारी कायद्याला जागा खर्चावी लागते. कायद्याला व्याख्या लिहून ठेवण्याची सोय आहे. ऑफिसच्या नोटिशीत 'ईच एम्प्लॉयी शुड ब्रिंग हिज कार्ड' लिहिलं की तशी व्याख्या खाली नसते, आणि निम्म्या बायका असलेल्या मजल्यावर ते वाचताना खटकतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्या भाषेचा आहे: मराठीत असं काही जमणार नाही. मराठीत अडचण वेगळ्या जागी आहे. आपल्या 'मी'ला लिंग नाही, पण 'मी येतो, मी येते' म्हटलं की क्रियापद सगळं सांगून टाकतं. इंग्रजी क्रियापद याबाबतीत मुकं, म्हणून सहीखाली लिहावं लागतं. आणि आपल्याकडे पळवाटाही आहेत. 'ते' आणि 'त्या' वेगळे, पण विभक्ती लागली की दोघांचं 'त्यांना, त्यांनी, त्यांचं' एकच होतं. "त्यांनी फाइल पाठवली": पाठवणारी बाई की पुरुष, एकटी की चौघं, काही कळत नाही. कळते ती फक्त फाइल स्त्रीलिंगी आहे ही गोष्ट.

मग आपणही लिहायचं का?

ऑफिसची सक्ती नसेल तर ज्याची त्याची मर्जी. माझं मत विचाराल तर नाव किरण, शीतल किंवा शशी असेल तर लिहिण्यात निव्वळ सोय आहे. समोरचा परदेशात बसलेला असेल तर त्याला सुनीता आणि सुनीत यातलाही फरक माहीत नसतो. दुसऱ्याने लिहिलं असेल तर ते वाचावं आणि तसंच वापरावं. नावाचं स्पेलिंग जपतो तसंच हे. कोणी काही लिहिलेलं नसेल आणि नावावरून कळत नसेल तर 'डिअर किरण' एवढ्यावर भागतं. 'डिअर सर'ची सवय आपल्याला इतकी पक्की आहे की पुढे बाई निघाली तरी हात थांबत नाही.

हे मी बोलत होते तेव्हा पहिल्या बाकावर आमची बीकेसीवाली मोबाईलवर काहीतरी शोधत होती. अंगठा वर, अंगठा खाली. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आदल्या दिवशी दुपारी पाठवलेली ईमेल, पहिलीच ओळ: रिस्पेक्टेड किरण सर.

"मॅडम, हे परत घेता येतं का?"